थकबाकीची नोंद किती काळ?

प्रत्येक कर्जाला दोन आयुष्ये असतात. एक पैशाचे आणि दुसरे नोंदीचे. पैशाचे आयुष्य परतफेडीबरोबर संपते. नोंदीचे आयुष्य त्यानंतरही चालू राहते. एखाद्या कर्जदाराने कधीकाळी हप्ता चुकविला होता ही गोष्ट, तो हप्ता व्याजासह भरला गेल्यानंतरही, कोठेतरी लिहिलेली असते आणि नव्या कर्जाच्या वेळी पुन्हा वाचली जाते. ती किती काळ वाचली जावी, हा प्रश्न आजच्या बँकव्यवहारातील म्हणून ओळखला जात असला, तरी तो फार जुना आहे. त्याला निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशांत निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. रायपूर आणि त्याभोवतीचा छत्तीसगडचा मुलूख यांच्या इतिहासात यांपैकी बहुतेक उत्तरांचे नमुने आढळतात. म्हणून या शहराला केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार करणे सोयीचे होईल.

सावकाराची वही

रायपूरचा परिसर हा धानाचा मुलूख आहे. शेतीचे वर्ष पावसावर अवलंबून असल्याने पेरणीच्या वेळी बियाणे, निंदणीच्या वेळी मजुरीचे पैसे आणि पीक हाती येईपर्यंत घरखर्चासाठी धान्य, अशी कर्जाची गरज दरवर्षी ठरलेल्या क्रमाने निर्माण होई. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांताची निर्मिती झाली. या राजकीय बदलांनंतरही गावातील पतव्यवहार सावकार आणि मालगुजार यांच्याच हाती राहिला. धान्याचे कर्ज सवाईने वा दिडीने फेडावयाचे, म्हणजे एक माप घेतल्यास सव्वा किंवा दीड माप परत द्यावयाचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची होती.

सावकाराच्या रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार टिपला जाई आणि खतावणीत प्रत्येक कुळाचे खाते असे. या वहीची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की ती ऋणकोला सहसा वाचता येत नसे. तिच्यात काय लिहिले आहे हे सावकार सांगेल तेच खरे. दुसरे असे की तिच्यातील माहिती त्या पेढीपुरती मर्यादित असे. शेजारच्या गावातील सावकाराला ती पाहावयास मिळत नसे, त्यामुळे एका ठिकाणी पत गेलेला मनुष्य दुसरीकडे नव्याने सुरुवात करू शके. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. या वहीला विस्मृती ठाऊक नव्हती. खाते चुकते होईपर्यंत ते पुढच्या वहीत ओढले जाई आणि बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर उतरे.

या अखेरच्या गोष्टीला धर्मशास्त्राचाही आधार होता. वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले गेले होते आणि जुगार, व्यसन अशा अव्यावहारिक कारणांसाठी काढलेले कर्जच तेवढे त्यातून वगळले जाई. मात्र त्याच शास्त्राने दुसऱ्या बाजूने एक मर्यादाही घातली होती. ती म्हणजे दामदुपटीचा नियम. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा त्याचा आशय होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही हा नियम मानला. दामदुपटीने रकमेला सीमा घातली, परंतु काळाला घातली नाही. ऋण दुपटीवर थांबे. त्याची आठवण थांबत नसे.

मुदतीचा कायदा आणि दख्खनचा अनुभव

काळाची सीमा प्रथम ठळकपणे आली ती इंग्रजी कायद्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत ठरविली. ती उलटून गेल्यास न्यायालयाचे दार बंद होई. जुन्या, विसरलेल्या वा साक्षीदार मरून गेलेल्या व्यवहारांवरून ऋणकोचा छळ होऊ नये, हा या तरतुदीमागील हेतू होता. परिणाम मात्र उलट झाला.

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकार दर तीन वर्षांच्या आत शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेऊ लागले. जुन्या रोख्यातील थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून दाखविले जाई. याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० रुपयांच्या कर्जावर दरसाल शेकडा २४ दराने सरळ व्याज धरल्यास तीन वर्षांनी देणे १७२ रुपये होते. व्याज तसेच सरळ चालू राहिले, तर सहा वर्षांनी ते २४४ आणि नऊ वर्षांनी ३१६ रुपये होईल. परंतु दर तीन वर्षांनी रोखा नवा केला, तर सहा वर्षांनी ते सुमारे २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपये होते. शिवाय प्रत्येक वेळी व्याजाचे मुद्दल झाल्यामुळे दामदुपटीचा नियमही निष्प्रभ ठरतो. मुदत तीन वर्षांचीच राहिली. पण तिची सुरुवात पुन्हा पुन्हा होत गेली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि पुढे आसपासच्या गावांत पसरला, त्यात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांजवळच्या कागदपत्रांवर होता, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अनेक ठिकाणी रोखे आणि वह्या हस्तगत करून जाळण्यात आल्या. शेतकऱ्यांना नोंद नष्ट करावयाची होती, कारण नोंदीला अंत नव्हता. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. त्याचबरोबर दाव्याची मुदत साध्या रोख्यासाठी सहा वर्षे आणि नोंदणीकृत रोख्यासाठी बारा वर्षे अशी वाढविली. ऋणकोच्या संरक्षणासाठी मुदत वाढविणे हे वरवर विचित्र वाटते. परंतु वारंवार रोखा नवा करून घेण्याचे निमित्तच काढून घ्यावे, हा त्यामागील विचार होता.

या अनुभवातून मिळालेला धडा आजच्या पतअहवालालाही लागू पडतो. नोंद किती वर्षे टिकावी हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावीत आणि ती मोजणी पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाला असावा, हा दुसरा अर्धा भाग होय. आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो.

रायपूरची सहकारी बँक

सावकाराच्या एकाकी वहीला पर्याय म्हणून सहकाराची कल्पना पुढे आली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली आणि १९१२ च्या कायद्याने त्यांच्या मध्यवर्ती बँका स्थापण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर लवकरच, १९१३ साली, रायपुरात सहकारी बँक उभी राहिली. तिच्या उभारणीत वामन बळीराम लाखे यांचा पुढाकार होता. माधवराव सप्रे यांच्या ज्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाने १९०० साली पेंड्रा येथून या भागातील वृत्तपत्रव्यवसायाचा पाया घातला, त्याचे प्रकाशक हेच लाखे होत. रायपुरातील लाखेनगर या वस्तीच्या नावात त्यांची स्मृती टिकून आहे.

सहकारी पतसंस्थेने कर्जाच्या नोंदीचे स्वरूप बदलले. आता वही एका व्यक्तीची राहिली नाही. कर्ज मंजूर करणारे पंच आणि कर्ज घेणारा सभासद एकाच गावचे असत. एकाने बुडविले तर भार सर्वांवर पडे. त्यामुळे कोणाची थकबाकी का झाली हेही सर्वांना ठाऊक असे. पाऊस गेल्यामुळे थकलेला आणि जाणूनबुजून न देणारा, यांतील फरक कागदावर लिहिलेला नसला तरी तो माणसांच्या मनात लिहिलेला असे. या पद्धतीतही दोष होते. गावातील वैर आणि गट कर्जाच्या निर्णयात शिरत. तथापि थकबाकी या शब्दामागे एक परिस्थिती असते, हे ती पद्धत विसरली नव्हती.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि कर्जाचा बोजा असह्य झाला. तेव्हा मध्यप्रांताने १९३३ साली कर्जसमेट कायदा केला. या कायद्याने स्थापन झालेली मंडळे धनको व ऋणको यांना समोरासमोर बसवून देणे किती कमी करता येईल आणि ते किती हप्त्यांत फेडता येईल हे ठरवीत. हिंदुस्थानातील अशा प्रकारच्या कायद्यांत हा अग्रेसर होता. समेट म्हणजे जुन्या नोंदीचा विचारपूर्वक केलेला शेवट, अशी त्याची व्याख्या करता येईल. जाळपोळीने जे साधू पाहिले गेले होते ते येथे कायद्याच्या चौकटीत साधण्याचा प्रयत्न झाला.

नवी वही

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाले. त्याच वर्षी मुंबईत देशातील पहिली पतमाहिती कंपनी स्थापन झाली. तिचे संक्षिप्त नाव ‘सिबिल’ पुढे इतके रूढ झाले की लोक कोणत्याही पतगुणांकाला ‘सिबिल’ म्हणू लागले. या स्थापनेपूर्वी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी कार्यगटाने १९९९ साली अशा संस्थेची शिफारस केली होती. संसदेने २००५ साली पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत केला आणि तो १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. पुढे या क्षेत्रात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या झाल्या.

येथे एका योगायोगाची नोंद घ्यावयास हवी. त्याच २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर वडिलांच्या कर्जासाठी मुलाविरुद्ध, नातवाविरुद्ध वा पणतवाविरुद्ध कारवाई करण्याचा धनकोचा अधिकार त्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरता संपुष्टात आला. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी जुनी स्मृती ज्या वर्षी कायद्याने मिटविली, त्याच वर्षी व्यक्तीचा स्वतःचा पतइतिहास देशभर एकत्र ठेवणाऱ्या नव्या स्मृतीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

नव्या वहीचे काम पुढीलप्रमाणे चालते. बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या ग्राहकांच्या कर्जखात्यांची माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवितात. ही माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला पाठविण्याचा नियम लागू झाला. प्रत्येक खात्यापुढे कर्जाची रक्कम, शिल्लक आणि देय तारखेनंतर किती दिवस पैसे थकले याची महिनावार नोंद असते. कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीच्या अहवालातही त्या कर्जाचा उल्लेख येतो. या सर्वांवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक गुणांक काढला जातो. कर्ज द्यावे की न द्यावे हे पतमाहिती कंपनी ठरवीत नाही. तो निर्णय बँकेचा असतो. परंतु बँकेच्या टेबलावर प्रथम येतो तो हा अहवाल.

सावकाराच्या वहीशी तुलना केल्यास फरक स्पष्ट दिसतो. ही वही एका पेढीपुरती नाही. रायपुरातील थकबाकी पुण्यात किंवा चेन्नईतही दिसते. तिच्यात थकण्याचे कारण लिहिलेले नसते. घरातील आजारपण, दुकानाला लागलेली आग, पगार थांबणे आणि निव्वळ बेपर्वाई या सर्वांची नोंद दिवसांच्या त्याच आकड्याने होते. एक मोठी सुधारणा मात्र आहे. ही वही कर्जदाराला स्वतः वाचता येते.

सात वर्षांचा अर्थ

प्रतिकूल नोंद सात वर्षांनी आपोआप पुसली जाते, अशी समजूत लोकांत सर्वत्र आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे. २००६ च्या भारतीय विनियमांनी पतमाहिती किमान सात वर्षे जतन करावी असे सांगितले आहे. ‘किमान’ हा शब्द येथे कळीचा आहे. जतन करण्याची ही खालची मर्यादा होय. प्रत्येक प्रतिकूल नोंद सात वर्षांनंतर काढून टाकलीच पाहिजे, असे ती मर्यादा सांगत नाही.

सात वर्षांचा आकडा जेथून प्रसिद्ध झाला त्या अमेरिकेत नियम वेगळ्या दिशेने लिहिलेला आहे. तेथे व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती गोळा करून विकण्याचा धंदा लुई टॅपन याने १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केला होता. पुढे सामान्य ग्राहकांचीही माहिती जमविली जाऊ लागली. १९७० च्या कायद्याने प्रथम असे ठरविले की बहुतेक प्रतिकूल माहिती सात वर्षांहून जुनी झाल्यावर अहवालात देता येणार नाही. दिवाळखोरीसाठी ही मर्यादा आरंभी चौदा वर्षांची होती; ती १९७८ साली दहा वर्षांवर आणली गेली. तेथील सात वर्षे ही वरची मर्यादा आहे. एकच आकडा एका देशात भिंतीसारखा आणि दुसऱ्या देशात पायासारखा वापरला गेला आहे.

इंग्लंडमध्ये थकबाकीची नोंद सहा वर्षे राहते. जर्मनीत फेडलेल्या कर्जाची प्रतिकूल नोंद तीन वर्षांनी काढण्याची पद्धत पडली. तेथेच एक महत्त्वाचा वाद उपस्थित झाला. दिवाळखोरीतून न्यायालयाने मुक्त केलेल्या व्यक्तीची नोंद सरकारी सूचीत सहा महिनेच राहत असे, परंतु खाजगी पतसंस्था ती तीन वर्षे जपून ठेवीत असे. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी सूचीपेक्षा अधिक काळ खाजगी संस्थेने अशी नोंद ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. कर्जमुक्तीचा उद्देश मनुष्याला आर्थिक जीवनात पुन्हा प्रवेश मिळावा हा आहे. नोंद कायम ठेवल्यास तो उद्देशच विफल होतो, असे या निर्णयामागील तत्त्व होते.

मोजणी कोठून सुरू होते

दख्खनमधील तीन वर्षांच्या रोख्याची गोष्ट अमेरिकेत निराळ्या रूपाने पुन्हा घडली. बुडीत कर्जे एका संस्थेकडून दुसरीकडे विकली जात आणि नवी संस्था खात्यावर नवी तारीख घालून सात वर्षे पुन्हा मोजू लागे. १९९६ च्या दुरुस्तीने हा मार्ग बंद करण्यात आला. ज्या थकबाकीमुळे खाते वसुलीस गेले वा बुडीत धरले गेले, त्या थकबाकीच्या आरंभानंतर १८० दिवसांनी सात वर्षांची मोजणी सुरू होते, असे त्या कायद्याने निश्चित केले. खाते कितीही हातांतून गेले तरी ही तारीख बदलत नाही.

भारतातील कर्जदाराची स्थिती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. रायपूरच्या पंडरी भागातील कापड बाजारात छोटे दुकान चालविणाऱ्या एका व्यापाऱ्याने २०१७ साली तीन लाख रुपयांचे कर्ज घेतले असे समजू या. २०१८ च्या पावसाळ्यात त्याचे पाच हप्ते थकले. येथून पुढे चार वाटा संभवतात आणि प्रत्येकीची नोंद वेगळी होते.

पहिल्या वाटेने तो थकलेले हप्ते व्याजासह भरतो आणि कर्ज ठरल्या मुदतीत संपवितो. खाते ‘बंद’ असे दाखविले जाते. त्या पाच महिन्यांची नोंद मात्र पुसली जात नाही, कारण ती घटना घडलेली आहे. नंतरच्या नियमित हप्त्यांच्या नोंदी तिच्यापुढे साचत जातात आणि गुणांक ठरविताना अलीकडच्या वर्तनाला अधिक वजन मिळते. जुना डाग राहतो, पण फिका होत जातो.

दुसऱ्या वाटेने तो बँकेशी तडजोड करून देण्यापेक्षा कमी रक्कम भरतो. खाते ‘तडजोडीने मिटविले’ असे नोंदले जाते. कर्जदाराच्या दृष्टीने प्रकरण संपलेले असते. पुढच्या बँकेच्या दृष्टीने पूर्ण पैसे मिळाले नाहीत हे त्यातून दिसत असते. कर्जदात्याच्या संमतीने उरलेली रक्कम भरून ही नोंद सुधारून घेणे शक्य असते. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या चौकटीनुसार, शेतीव्यतिरिक्त कर्जांत तडजोड केलेल्या ऋणकोला त्याच संस्थेने पुन्हा कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिन्यांचा काळ जाऊ द्यावयाचा असतो.

तिसऱ्या वाटेने तो काहीच भरीत नाही आणि बँक ते कर्ज आपल्या हिशेबात निर्लेखित करते. निर्लेखन म्हणजे माफी, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. तो बँकेच्या ताळेबंदातील बदल आहे. ऋणकोचे देणे कायम राहते आणि वसुलीचा हक्कही शिल्लक राहतो.

चौथी वाट ही प्रतीक्षेची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार सामान्य कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत ऋणकोने देणे लेखी मान्य केले, किंवा अंशतः पैसे भरून तो भरणा त्याच्या सहीने नोंदला गेला, तर मोजणी नव्याने सुरू होते. ती मुदत टळली तर कर्ज आपोआप नाहीसे झाले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः मुदतीचा कायदा दाव्याचा उपाय रोखतो. देणे नाहीसे करीत नाही. आणि न्यायालयाच्या दाराला कुलूप लागले म्हणून पतअहवालाचे पान कोरे होत नाही. न फेडलेले खाते कर्जदाता नव्याने कळवीत राहू शकतो. म्हणून केवळ वर्षे जाऊ देणे हा उपाय फसवा ठरतो. फेडलेल्या थकबाकीचे वय वाढत जाते; न फेडलेली थकबाकी दर पंधरवड्याला तरुणच राहते.

शेतकरी आणि माफी

शेतीकर्जाच्या बाबतीत काळाचे माप थोडे निराळे आहे. इतर कर्जांत ९० दिवस थकबाकी राहिल्यास खाते अनुत्पादक मानले जाते. अल्पमुदतीच्या पिकांसाठी घेतलेल्या कर्जाला मात्र दोन पीकहंगामांची मोकळीक आहे. शेतीचे उत्पन्न महिन्याच्या हिशेबाने येत नाही, या वस्तुस्थितीला दिलेली ती मान्यता होय. छत्तीसगडमध्ये सहकारी सोसायट्या आधारभूत किमतीने धान खरेदी करतात आणि सभासदाचे कर्ज त्या रकमेतून वळते करून घेतात. या ‘लिंकिंग’च्या पद्धतीमुळे वसुली पिकाच्या वेळापत्रकाशी जोडली जाते.

१७ डिसेंबर २०१८ रोजी छत्तीसगडमध्ये नवे सरकार अधिकारावर आले आणि त्याच दिवशी त्याने कर्जमाफीचा निर्णय घेतला. ३० नोव्हेंबर २०१८ पर्यंतचे सहकारी बँका आणि ग्रामीण बँक यांचे अल्पमुदतीचे कृषिकर्ज माफ करण्याचे ठरले. सुमारे १६ लाख ६५ हजार शेतकरी आणि सुमारे ६,१०० कोटी रुपये असा त्याचा विस्तार तेव्हा सांगण्यात आला. माफीने शिल्लक देणे शून्यावर येते. परंतु देणे मिटणे आणि पूर्वीच्या उशिराची नोंद मिटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुदतीत असलेले कर्ज माफ झालेला शेतकरी आणि कित्येक हंगाम थकलेले कर्ज माफ झालेला शेतकरी यांची पतकथा सारखी राहत नाही. माफी जाहीर करणाऱ्या शासनाने खाते कोणत्या शब्दांत बंद झाल्याचे कळविले जाईल हेही पाहिले पाहिजे. अन्यथा एका हाताने दिलेली मुक्तता दुसऱ्या हाताच्या नोंदीत अडकून पडते.

चुकीची नोंद

खऱ्या नोंदीला मुदत असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकतात. खोट्या नोंदीबाबत तसे नाही. तिचे आयुष्य एक दिवसाचेही असू नये. नामसादृश्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे, फेडलेले खाते उघडेच राहणे, एकच कर्ज दोनदा नोंदले जाणे, असे प्रकार घडतात. यासाठी कायद्याने दिलेले हक्क वाचकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीला वर्षातून एकदा तिचा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे आवश्यक झाले. त्यात चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे अथवा कर्जदात्याकडे दुरुस्तीची मागणी करता येते. कंपनी स्वतः आकडे बदलीत नाही. ती कर्जदात्याकडे विचारणा करते आणि त्याच्या उत्तरानुसार नोंद सुधारते. म्हणून दोघांकडेही एकाच वेळी लिहिणे, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवणे आणि भरण्याच्या पावत्या व ‘देणे बाकी नाही’ असा दाखला जोडणे हितावह असते. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद ऑक्टोबर २०२३ मध्ये करण्यात आली आणि ती २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धची गाऱ्हाणी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेण्याचीही सोय झाली.

येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. पैसे घेऊन जुनी थकबाकी अहवालातून पुसून देतो, असे सांगणारे मध्यस्थ अनेक शहरांत आढळतात. चुकीची नोंद कर्जदाराला स्वतः विनामूल्य दुरुस्त करून घेता येते. खरी नोंद कोणत्याही मध्यस्थाला पुसता येत नाही. या दोन वाक्यांच्या बाहेर अशा व्यवसायाला प्रामाणिक जागा उरत नाही.

स्मरण आणि क्षमा

पतव्यवहार स्मरणावाचून चालत नाही. पूर्वी कोणी फेडले आणि कोणी बुडविले हे धनकोला कळलेच नाही, तर तो सर्वांकडूनच अधिक व्याज घेईल किंवा तारण नसलेल्या गरिबाला उभेच करणार नाही. नियमित फेडणाऱ्या लहान दुकानदाराची आणि शेतकऱ्याची पत गावाबाहेर ओळखली जाते ती याच नोंदीमुळे. म्हणून नोंद जाळणे हा उपाय नव्हे, हे १८७५ नंतरच्या कायद्यानेही जाणले होते.

परंतु ज्या स्मरणाला सीमा नाही ते न्यायाचे साधन राहत नाही. दामदुपटीने रकमेला सीमा घातली, मुदतीच्या कायद्याने दाव्याला घातली, १९३३ च्या समेट मंडळांनी संकटकाळी दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला आणि २००५ च्या दुरुस्तीने ऋणाला एका पिढीतच थांबविले. या परंपरेतील पुढचे पाऊल कोणते असावे, हे तिच्याच अनुभवावरून सांगता येते. जतन करण्याच्या किमान काळाबरोबरच प्रतिकूल नोंद दाखविण्याचा कमाल काळ कायद्याने ठरलेला असावा; तो पहिल्या थकबाकीच्या तारखेपासून मोजला जावा; आणि खाते दुसऱ्याच्या हाती गेल्याने ती तारीख हलू नये. तोपर्यंत कर्जदाराच्या हाती जे आहे ते थोडे असले तरी निरुपयोगी नाही. वर्षातून एकदा आपली नोंद वाचणे, तिच्यातील चूक लेखी दाखवून देणे आणि खरी थकबाकी शक्य तितक्या लवकर पूर्णपणे फेडून तिला जुनी होऊ देणे, एवढे त्याला निश्चित करता येते. सावकाराच्या काळातील कुळाला आपलेच खाते वाचता येत नव्हते. आजच्या कर्जदाराला ते वाचता येते, आणि सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.